दयेला चेहरा हवाच का?

गेल्या नाताळात आमच्या धर्मग्रामातील एका कुटुंबाच्या भेटीस गेलो होतो. त्या घरचा मुलगा पत्नी व मुलीसह ऑस्ट्रेलियातील पर्थ शहरी स्थायिक झाला आहे. सुट्टीनिमित्त सारे गावी आले होते. प्रार्थना झाली, फराळाची ताटे पुढे आली, आणि नऊ-दहा वर्षांची त्यांची मुलगी एक चित्रांचे पुस्तक घेऊन माझ्याजवळ येऊन बसली. पश्चिम ऑस्ट्रेलियात नामशेष होण्याच्या वाटेवर असलेल्या प्राण्यांचे व वनस्पतींचे ते पुस्तक होते.

तिने एक पान उघडले. कांगारूची इवलीशी प्रतिकृती वाटावी असा एक प्राणी, टपोरे डोळे, पुढचे दोन्ही पाय छातीशी धरलेले. तिची आजी चष्मा सावरीत वाकली नि म्हणाली, “किती गोजिरवाणं आहे गं!” मुलीने पान उलटले. आता चित्रात होती नुसती माती, आणि त्या मातीत तांबूस, गोल असे काहीतरी. “हे फूल आहे, फादर. हे जमिनीच्या खालीच फुलतं. हेसुद्धा संपत आलंय.” आजीने क्षणभर पाहिले आणि ताटातील करंजी माझ्यापुढे केली.

“फादर, दोघांपैकी एकालाच वाचवता आलं, तर तुम्ही कुणाला वाचवाल?” मुलीने विचारले.

मी तत्काळ प्राण्यावर बोट ठेवले. “का?” “त्याला दुखतं ना, बाळ, म्हणून.” तिने थोडा विचार केला व म्हणाली, “मग फुलाकडे कोण बघणार?”

सारे हसले. मीही हसलो, तिच्या मस्तकावर हात ठेवून आशीर्वाद दिला आणि पुढच्या घरी निघालो. परंतु ज्या प्रश्नाला हसून बगल द्यावी लागते, तो सहसा मनातून जात नाही. सेमिनरीत असताना नीतिशास्त्राचे धडे आम्ही वर्षानुवर्षे गिरवले होते. असे असूनही एका बालिकेच्या दुसऱ्या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते. ते शोधण्याचा प्रयत्न वाचकांच्या सोबतीने करावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रथम त्या दोघांची ओळख करून घेऊ.

त्या प्राण्याचे नाव वॉयली. पोटाशी असलेल्या पिशवीत पिल्लू वाढवणाऱ्या, म्हणजे शिशुधान प्राण्यांच्या कुळातला हा जीव. वजन जेमतेम सव्वा किलो. दिवसा गवताच्या घरट्यात झोपावे, रात्री बाहेर पडून जमीन उकरावी आणि मातीत वाढणारी कवके खावीत, असा त्याचा जीवनक्रम. घरट्यासाठी लागणारे गवत तो शेपटीच्या विळख्यात धरून नेतो. एके काळी दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या फार मोठ्या प्रदेशात त्याचा वावर होता. युरोपीय वसाहतवाल्यांनी जंगले तोडली, शिकारीच्या हौसेखातर तांबडा कोल्हा आणला, सोबत मांजर आले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वॉयली पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या नैर्ऋत्य कोपऱ्यातील पेरुप, ड्रायअँड्रा, टुटनिंग अशा मोजक्या वनक्षेत्रांपुरता उरला. पुढे कोल्ह्यांचा बंदोबस्त झाला तशी त्याची संख्या वाढू लागली. १९९६ मध्ये तर संकटग्रस्तांच्या यादीतून त्याचे नाव वगळण्यात आले. पण हा आनंद टिकला नाही. त्यानंतरच्या दहा वर्षांच्या आत त्याची सुमारे नव्वद टक्के संख्या ओसरली आणि २००८ मध्ये जागतिक यादीत त्याची नोंद अतिसंकटग्रस्त म्हणून झाली. कोल्हा, मांजर, रोगराई अशी अनेक कारणे त्यामागे सांगितली जातात. त्याला वाचवण्याची धडपड आजही चालू आहे. २०२१ मध्ये दक्षिण ऑस्ट्रेलियातील यॉर्क द्वीपकल्पावर, जिथून तो शंभराहून अधिक वर्षांपूर्वी नाहीसा झाला होता, तिथे त्याला पुन्हा नेऊन सोडण्यात आले.

आणि ते फूल? ते एक ऑर्किड आहे. शास्त्रीय नाव रायझँथेला गार्डनेरी. १९२८ साली पर्थच्या पूर्वेकडील गव्हाच्या पट्ट्यात, कॉरिगिन गावाजवळ जॅक ट्रॉट नावाच्या शेतकऱ्याला ते आपल्या जमिनीत आढळले. त्याच वर्षी ऑर्किडांचे जाणकार रिचर्ड रॉजर्स यांनी त्याचे वर्णन प्रसिद्ध केले आणि वनस्पतिशास्त्रज्ञ चार्ल्स गार्डनर यांच्या नावावरून त्याचे नामकरण केले. या वनस्पतीला हिरवे पान नाही, हरितद्रव्य नाही. तिचे अवघे आयुष्य मातीखाली जाते. मे ते जुलैच्या सुमारास ती फुलते तीही मातीखालीच. डझनांनी इवलीशी तांबूस फुले एका गुच्छात, भोवती पाकळ्यांसारखी आवरणे, आणि मंद सुगंध. वरच्या मातीला बारीकशी चीर पडली तर पडली, एवढीच तिची बाहेरच्या जगाला खूण. तिचे पोषण ब्रूमबुश नावाच्या झुडपावर अवलंबून असते. झुडूप उन्हात अन्न तयार करते, त्याच्या मुळांशी राहणारे कवक ते अन्न वाहून आणते आणि त्यावर हे ऑर्किड जगते. झुडूप तोडले की तिघांचाही संसार मोडला. आणि गव्हाच्या त्या पट्ट्यात नांगर फिरवण्यासाठी अनेक भागांतील नव्वद टक्क्यांहून अधिक मूळची झाडी तोडली गेली आहे. १९७९ मध्ये दूर दक्षिणेस मंगलिनप येथे जमीन साफ करताना अशीच झाडे सापडली, तेव्हा अभ्यासकांना हायसे वाटले. पण २०१८ मध्ये ती दक्षिणेकडील झाडे वेगळ्या जातीची ठरली, आणि गार्डनरच्या नावाचे ऑर्किड पुन्हा मोजक्या ठिकाणांपुरते उरले.

आता प्रश्नाकडे वळू. वॉयलीवर बोट ठेवताना मी जे कारण दिले, ते खोटे होते काय? नाही. वेदना ही नीतीच्या दारावरची पहिली थाप आहे. इंग्रज तत्त्वज्ञ जेरेमी बेन्थम याने अठराव्या शतकाच्या अखेरीस असे मांडले, की प्राण्यांच्या बाबतीत त्यांना बुद्धी आहे का, वाचा आहे का, हे विचारण्यापेक्षा त्यांना दुःख होते का, हे विचारावे. ख्रिस्तसभेच्या १९९२ च्या श्रद्धाग्रंथातही प्राण्यांना विनाकारण यातना देणे मानवी प्रतिष्ठेला शोभत नाही, अशी शिकवण आहे. पिंजऱ्यात अडकलेला वॉयली आणि पायाखाली येऊ पाहणारे रोप एकाच वेळी समोर असतील, तर मी आधी पिंजऱ्याकडे धावेन. त्याबद्दल मला संकोच वाटत नाही.

परंतु मुलीने विचारले होते ते एका वॉयलीविषयी नव्हे. तिने विचारले होते ते अख्ख्या जातीच्या अंताविषयी, आणि इथे माझे उत्तर तोकडे पडते. कल्पना करा, जगातला शेवटचा वॉयली म्हातारा होऊन आपल्या गवताच्या घरट्यात झोपेतच शांतपणे मेला. त्याला कसलीही यातना झाली नाही. मग काहीच गमावले नाही असे आपण म्हणू काय? कुणाही विचारी माणसाच्या तोंडून ते निघणार नाही. याचा अर्थ, जात नष्ट होते तेव्हा जे गमावते ते वेदनेच्या मापाने मोजता येत नाही. वेदना एकेका जीवाची असते. जातीला मज्जातंतू नाहीत. तेव्हा अंताच्या प्रश्नापुरते वॉयली आणि ऑर्किड एकाच पायरीवर येऊन उभे राहतात. ‘त्याला दुखतं’ हे कारण दयेसाठी पुरेसे आहे, पण जातीचे मोल ठरवण्यासाठी ते उपयोगी नाही.

मग उपयुक्ततेचे माप लावावे काय? इथेही वॉयलीचे पारडे जड दिसते. एक वॉयली वर्षभरात सुमारे पाच टन माती उकरतो. त्या खड्ड्यांत पावसाचे पाणी मुरते, पालापाचोळा कुजतो, कवकांची बीजे रानभर पसरतात. ऑर्किडाचा असा उपयोग कुणाला सांगता आलेला नाही. पण उपयोगाच्या तराजूवर फार विसंबू नये, असे त्याच भूमीतील तिसरी एक वनस्पती सांगते. गॅस्ट्रोलोबियम नावाची ही वाटाण्याच्या कुळातील झुडपे पश्चिम ऑस्ट्रेलियात उगवतात. त्यांच्यात एक जालीम विष असते. वसाहतवाल्यांची गुरेमेंढरे ती खाऊन मरत, म्हणून ‘विषारी’ हाच त्यांचा लौकिक झाला व ती उपटून टाकण्यात आली. पुढे ध्यानात आले, की हजारो वर्षे त्याच झुडपांच्या सहवासात राहिलेल्या वॉयलीसारख्या प्राण्यांना ते विष बऱ्याच अंशी सोसते, बाहेरून आलेल्या कोल्ह्याला मात्र सोसत नाही. १९९६ पासून पश्चिम ऑस्ट्रेलियात कोल्ह्यांविरुद्ध जी मोठी मोहीम चालवली जाते, तिच्यातील आमिषांत हेच विष कारखान्यात तयार करून घातलेले असते. एका पिढीने ज्या झुडपाला शत्रू मानले, त्याच्याच गुणाचा आधार दुसऱ्या पिढीने घेतला. उपयोग ही आपल्या ज्ञानाची मर्यादा सांगणारी गोष्ट आहे. सृष्टीतील वस्तूचे मोल ती सांगत नाही.

उरले ते रूप. खरे सांगायचे तर माझ्या बोटाला वॉयलीकडे नेणारी गोष्ट तीच होती. टपोरे डोळे, छातीशी धरलेले इवले पाय, पिशवीतले पिल्लू. त्या चित्रात आपल्याला आई दिसते, तान्हे बाळ दिसते. पण हे आपण आपल्या घरातून तिथे नेलेले असते. वॉयलीची मादी शत्रू पाठीस लागला की पिशवीतले पिल्लू टाकून देऊन स्वतःचा जीव वाचवू शकते. म्हणून अभ्यासक तिला हाताळतात तेव्हा पिशवीच्या तोंडाला चिकटपट्टी लावतात. हे ऐकून आपण तिला निष्ठुर म्हणायचे काय? मुळीच नाही. ती वॉयली आहे, ती आपल्या स्वभावधर्माने जगते. आपण तिच्यावर केलेले प्रेम मात्र पुष्कळदा आपल्याच प्रतिबिंबावर केलेले असते. ज्या जीवात आपले प्रतिबिंब उमटत नाही, त्याच्याकडे पाहून आपण करंजी पुढे करतो.

वेदना, उपयोग आणि रूप ही तिन्ही मापे अशी अपुरी ठरल्यावर मला सेमिनरीतील जुनी पाने आठवली. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी एक साधा प्रश्न हाती घेतला होता. परमेश्वराने एवढे नानाविध जीव कशासाठी निर्माण केले? त्यांच्या उत्तराचा आशय असा, की परमेश्वराचे चांगुलपण कोणत्याही एका निर्मितीत मावणारे नाही. एकात जे उणे राहते ते दुसरे भरून काढते. सर्वांनी मिळून ते चांगुलपण अधिक पूर्णतेने व्यक्त होते. संत थॉमस वनस्पतींना प्राण्यांच्या बरोबरीचे मानत नाहीत. त्यांच्या विचारात पायऱ्या आहेत. पण खालच्या पायरीवर असणे म्हणजे वगळण्याजोगे असणे नव्हे. जिन्याची खालची पायरी काढून टाकणारा माणूस वरच्या पायरीवर पोहोचत नाही.

उत्पत्तीच्या पुस्तकातील क्रमही लक्षात घेण्याजोगा आहे. वनस्पती निर्माण झाल्या त्या तिसऱ्या दिवशी, आणि त्याच दिवशी परमेश्वराने त्यांच्याकडे पाहून ते चांगले आहे असे ठरवले. तोवर सृष्टीत पाहणारा एकही डोळा नव्हता. मासे, पाखरे, पशू, माणूस हे सारे नंतर आले. म्हणजे कुणी पाहण्यापूर्वीच, कुणाच्या कामी येण्यापूर्वीच ते हिरवे जग चांगले होते. मातीखाली फुलणारे ऑर्किड जणू अजूनही त्या तिसऱ्या दिवशीच राहते आहे. २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात पोप फ्रान्सिस यांनी जीवजातींकडे केवळ साधनसंपत्ती म्हणून पाहणे पुरेसे नाही असे बजावले, आणि आपल्यामुळे जी जात लोपते ती आपल्या अस्तित्वाने परमेश्वराचा गौरव करण्यास मुकते, याची आठवण दिली. त्या वाक्याचा अर्थ मला पुस्तकातल्या त्या मातीच्या चित्रापाशी नीट उमगला.

इथे कुणी वाचक विचारील, “फादर, माणसे उपाशी असताना मातीतल्या फुलावर पैसा खर्च करायचा?” आक्षेप योग्य आहे. श्रद्धाग्रंथानेही तो नोंदवला आहे. माणसांच्या दुःखनिवारणासाठी लागणारा पैसा प्राण्यांवर उधळू नये, असे तो सांगतो. उपाशी माणूस आणि ऑर्किड यांच्यात निवड करायची वेळ आलीच, तर माणसाचे पान आधी वाढले पाहिजे. परंतु प्रामाणिकपणे पाहू या. आपल्यापुढे अशी निवड किती वेळा येते? बहुधा एका पारड्यात फूल असते आणि दुसऱ्यात आपली सोय, आपला थोडा अधिक नफा. उपाशी माणसाचे नाव आपण साक्षीदार म्हणून घेतो आणि खटला जिंकल्यावर त्याला विसरतो.

दुसरा आक्षेप मला अधिक बोचतो. वॉयलीसाठी कोल्हे मारले जातात. कोल्ह्यालाही वेदना होतात. तो आपल्या पायांनी ऑस्ट्रेलियात गेला नाही. माणसाने एकोणिसाव्या शतकात त्याला करमणुकीसाठी नेले. वाडवडिलांनी काढलेले कर्ज आज कोल्हे फेडीत आहेत. याला सोपा उपाय मला दिसत नाही. कोल्हे आवरले नाहीत तर वॉयली उरणार नाही, हे वास्तव आहे. तरी हे काम ज्यांना करावे लागते त्यांनी ते जड अंतःकरणाने करावे आणि आपण त्याला विजय म्हणू नये, इतके मला समजते. एकदा मोडलेली घडी पुन्हा घालताना कुणाला तरी दुखावतेच.

या अभ्यासात मला भेटलेली एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. बहुतेक ऑर्किडांचे बी धुळीसारखे बारीक असते व वाऱ्यावर उडते. मातीखाली वारा कुठला? म्हणून या भूमिगत ऑर्किडाला गर असलेली फळे येतात. ती आपोआप फुटत नाहीत. ती कुणीतरी उकरून खावीत आणि बी दूर नेऊन टाकावे लागते. हे कोण करीत असेल? वनस्पतिशास्त्रज्ञांचा तर्क असा, की जमीन उकरणारे वॉयलीसारखे लहान शिशुधान प्राणी हे काम करीत असावेत. आणि ते प्राणी तर गव्हाच्या पट्ट्यातील बहुतेक भागातून केव्हाच हद्दपार झाले आहेत. हा तर्क खरा असेल, तर मी ज्याच्यावर बोट ठेवले तो आणि ज्याच्याकडे पाठ फिरवली ते, हे दोघे एकाच घरातले होते. दोघांतून एक निवडा असे म्हणणारा प्रश्न त्या रानाला कधी पडला नव्हता. तो आपण निर्माण केला.

आता या सर्वांहून मला अधिक अस्वस्थ करणारी बाब. त्या नाताळाच्या दुसऱ्याच आठवड्यात आजाऱ्यांना पवित्र कम्युनियन देण्यासाठी मी नेहमीप्रमाणे निघालो. यादीतील एका घरी अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेले वृद्ध गृहस्थ आहेत. त्यांची वाचा गेली आहे. चेहऱ्यावर ओळखीची खूण उमटत नाही. घराच्या मागच्या खोलीत ते असतात. त्यांच्याकडे मी शेवटचा केव्हा गेलो होतो, हे आठवू लागलो आणि माझा मीच शरमलो. ज्या घरांतील आजारी हसून स्वागत करतात, हात धरतात, जुन्या गोष्टी सांगतात, तिथे माझे पाय आपसूक वळत. इथे मात्र दर वेळी काही ना काही निमित्त निघत असे. ‘त्यांना काय कळणार’ हे शब्द मी उच्चारले नव्हते, पण त्या शब्दांप्रमाणे वागलो होतो.

गैरसमज नको. माणूस म्हणजे वनस्पती नव्हे. वाचा गेली, जाणीव मंदावली तरी त्याच्या प्रतिष्ठेतून तीळभरही उणे होत नाही. वनस्पती व प्राणी यांच्या तुलनेत त्याला बसवणे मोठा अपराध ठरेल. मी तुलना करतो आहे ती माझ्या पाहण्याची. पुस्तकातल्या मातीच्या चित्रावरून सरकलेली नजर आणि मागच्या खोलीच्या दारावरून सरकलेली नजर एकच होती. समोरून प्रतिसाद मिळेल तिथेच जी थांबते, ती नजर दयेची असली तरी न्यायाची नसते. दया चेहरा पाहून जागी होते, आणि ते तिचे सामर्थ्यही आहे. पण जिथे चेहरा दिसत नाही तिथे तिला न्यायाने हात धरून न्यावे लागते.

त्या दिवशी मी मागच्या खोलीत बराच वेळ बसलो. प्रार्थना म्हटली. त्यांच्याकडून काहीही प्रतिसाद आला नाही. तो यावा अशी अपेक्षा धरून मी गेलोही नव्हतो. आता दर आठवड्याला त्या घरापासूनच सुरुवात करायची, असे ठरवले आहे.

पर्थची ती मुलगी आपल्या शाळेत परतली आहे. पुढच्या नाताळात ती येईल तेव्हा तिच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर मला आजही थोडे अडखळतच द्यावे लागेल. दुसऱ्या प्रश्नाचे मात्र देता येईल. फुलाकडे कोण बघणार, असे तिने विचारले होते. ज्याला ते कधी दिसणार नाही, त्यानेच बघायचे आहे, बाळ.